बाई, विषय कोणता घेऊ?

मी एकतीस वर्षं राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवला. आता रत्नागिरीत राहते. प्रकल्पवह्या तपासायला बसले की थिबा राजावरच्या वह्यांचा गठ्ठा मला नेहमी वेगळा लावावा लागायचा. १८८५ साली ब्रह्मदेशचं राज्य गेलं, १८८६ त राजाला रत्नागिरीत आणलं, १९१० त वाडा पूर्ण झाला, १९१६ त राजा इथेच वारला. चाळीस वह्यांत हीच चार सालं, आणि वाक्यंसुद्धा तीच. मुलांना मी विषयाचं नाव दिलं होतं, प्रश्न दिला नव्हता. ती चूक माझी होती आणि ती कळायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून या महिन्यात आधुनिक इतिहासाच्या प्रकल्पाबद्दल तीन पत्रं आली, तेव्हा बाकीची पत्रं बाजूला ठेवून या तिघांनाच सविस्तर लिहायचं ठरवलं.

*

आदरणीय बाई, मी विजयदुर्गजवळच्या गावात राहते आणि नववीत आहे. ‘आधुनिक भारताचा इतिहास’ यावर संशोधन प्रकल्प करायचा आहे. मी ‘हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला’ हा विषय घेतला. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर साहेबाने किल्ल्यावरून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ (दुर्बिणीसाठी बांधलेले म्हणतात ते चौथरे) पण आहेत. माझे आजोबा (वय ८१) म्हणतात, “सायबाची दुर्बीण आमच्या आज्यान ल्हानपणी बघलेली.” पण बाई, माझा प्रकल्प दीड पानातच संपतो. विषय बदलू का?

अजिबात बदलू नकोस. तुझ्या हातात काय आहे याची तुला कल्पना नाही. दीड पानात संपला, कारण तू उत्तरापासून सुरुवात केलीस. आपण जरा मागे जाऊ.

आधी तुझ्या आजोबांचं वाक्य घे. आजोबांचं वय ८१, म्हणजे त्यांचा जन्म १९४४–४५ च्या आसपासचा. त्यांच्या आजोबांनी त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते सात-आठ वर्षांचे तरी असतील, म्हणजे साधारण १९५२. आता सांगणारा म्हातारा जर १८६८ साली दुर्बीण बघण्याइतका मोठा असेल, तर त्याचा जन्म १८६० च्या सुमाराचा असणार आणि १९५२ त तो नव्वदी ओलांडलेला असणार. अशक्य नाही, पण त्या काळात फार दुर्मीळ. तोच मुलगा १८८८ च्या आसपास जन्मलेला असेल, तर १९५२ त तो चौसष्ट वर्षांचा होतो आणि सगळं सरळ बसतं. मग तो दहा वर्षांचा कधी होता? १८९८ साली.

आणि २२ जानेवारी १८९८ ला खरंच खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडहून तुकडी घेऊन विजयदुर्गला आला होता. मेल्पोमीन नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. त्याचा अहवाल छापलेला आहे आणि त्यात आपल्या गावाचं नाव इंग्रजी वळणाने ‘विझियाद्रुग’ असं येतं. हे स्पेलिंग सरांकडून इंग्रजीत लिहून घे, शोधताना लागेल.

मग १८६८ चं काय? त्या वर्षी १८ ऑगस्टला खग्रास ग्रहण झालं, हेही खरं. पण फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन तेव्हा आंध्रात गुंटूरला होता. ते ग्रहण बघायला आलेला इंग्रज लेफ्टनंट हर्शेल आपल्या पटवर्धन संस्थानिकांच्या जमखंडीत होता. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचा रंगवार पट्टा, बघता येतो, हे त्याने तिथूनच २० ऑक्टोबर १८६८ ला दाखवलं. त्या वर्णपटात सोडियमच्या रेषांजवळ एक वेगळी पिवळी रेषा होती. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा हे सूर्यावरचं नवं मूलद्रव्य असावं असं लॉकियरने मांडलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, विल्यम रॅम्झेला, एका खनिजातून.

आता बघ. एक माणूस, दोन ग्रहणं, मध्ये तीस वर्षं. १८६८ त लॉकियर खरा, पण विजयदुर्ग नाही. १८९८ त लॉकियरही खरा आणि विजयदुर्गही खरा, पण हेलियमचा शोध तोवर लागून गेलेला. लोकांच्या तोंडी ही दोन्ही ग्रहणं एकमेकांत मिसळली. गावाने खोटं सांगितलं असं यात काही नाही. साहेब आला होता, दुर्बिणी आल्या होत्या, तुझ्या आजोबांच्या आजोबांनी त्या बहुधा पाहिल्याही होत्या. गावाची आठवण पक्की राहिली, तारीख तेवढी हलली.

हाच तुझा प्रकल्प. शीर्षक असं काहीतरी ठेव: ‘जानेवारी १८९८ चं ग्रहण आणि विजयदुर्ग गाव’. खाली प्रश्न लिही, पण मोजून तीन. त्या जानेवारीत किल्ल्यावर नेमकं काय घडलं? साहेबाच्या कट्ट्यांबद्दल कागद काय म्हणतात आणि गाव काय म्हणतं? १८९८ ची गोष्ट १८६८ ची कधी आणि कशी झाली? तिसऱ्या प्रश्नासाठी जुने दिवाळी अंक, किल्ल्यावरच्या पुस्तिका, शाळेची स्मरणिका, जे सापडेल ते गोळा कर आणि सालवार लाव. कुठल्या सालापासून १८६८ दिसायला लागतं ते तुलाच सापडेल. हे आजवर दुसऱ्या कुणाच्या प्रकल्पवहीत मी पाहिलेलं नाही.

एक युक्ती सांगते. १८८० साली सरकारने रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर छापलं, जाडजूड ग्रंथ आहे आणि आता संगणकावर वाचता येतो. (विजयदुर्गचा देवगड तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ त.) तो ग्रंथ बरोबर दोन ग्रहणांच्या मधला आहे. १८६८ ला किल्ल्यावर एवढी मोठी घटना झाली असती, तर बारा वर्षांनी लिहिणाऱ्याने विजयदुर्गाच्या मजकुरात तिचा एखादा शब्द तरी टाकला असता. तो आहे का, हे स्वतः वाच. नसेल तर ‘उल्लेख नाही’ हेही प्रकल्पात लिहायचं असतं. मुलं हे लिहायला बिचकतात, त्यांना वाटतं काहीच मिळालं नाही.

आणि त्या जानेवारीत आजूबाजूला काय चाललं होतं, याचा एक परिच्छेद हवा. मुंबईत १८९६ पासून प्लेग होता. पुण्यात जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक नायगमवाला हेच ग्रहण टिपायला सोलापूरकडे जेऊरला गेले होते, म्हणजे ग्रहण बघायला फक्त साहेबच आले नव्हते. सर ‘आधुनिक भारत’ म्हणतात तो हाच, आणि तो तुमच्या किल्ल्याच्या तटाला येऊन लागला होता.

कुणी म्हणेल, गावाचा मान कशाला कमी करतेस. त्यांना अहवालातलं विझियाद्रुग हे नाव दाखव. छापील पुरावा असलेली गोष्ट आहे ती.

*

बाई, नमस्कार. मी खेड तालुक्यातला, अकरावीत शिकतो. मला खोती आणि कुळं यावर लिहायचं आहे. आमचं घर कुळाचं. खोतांचं घर आजही गावात आहे आणि त्यांचा नातू माझा वर्गमित्र आहे. आमचे आबा म्हणतात, जुनी मढी उकरून काढू नको. सर म्हणतात विषय स्थानिक आहे, राष्ट्रीय महत्त्वाचा घे. काय करू?

सरांच्या शंकेचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ त शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्याच्या आधी, १९३३ पासून, अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन कसायचीच बंद केली आणि तो संप जवळजवळ सहा वर्षं चालला. पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षं! बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे तुझ्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. दुसऱ्या बाजूला टिळकांचं घराणं दापोली तालुक्यातल्या चिखलगावचं खोत, आणि खोतीच्या वादात केसरीने खोतांची बाजू घेतली होती. ही दोन नावं सरांसमोर ठेव. यापेक्षा राष्ट्रीय काय असतं?

पण प्रकल्पात या दोघांना अर्धं पानच दे. बाकीची पानं तुझ्या गावाची.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि कुळाकडून आपला वाटा घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी भाताचा निम्मा भाग, म्हणजे अर्धेल. त्यावर वेठ: खोताच्या शेतात फुकट नांगर धरायचा, त्याचं घर शाकारायचं. खोत सगळे एकाच जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमान होते. हे आधी आपल्या गावापुरतं नीट तपास, म्हणजे गोष्ट जातीच्या भांडणाकडे घसरणार नाही आणि जातीचा भाग जिथे होता तिथे तो लपवावाही लागणार नाही.

कागद म्हणशील तर तुझं घर कागदांनी भरलेलं आहे. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (त्या दिवशी कायद्याने कूळ जमिनीचा मालक ठरला) हे तीन टप्पे मनात ठेव आणि आबांना ‘बत्तीस गचा हुकूम’ आहे का विचार. कोकणातल्या प्रत्येक कुळाच्या घरात हा शब्द माहीत असतो. कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरली, कुळाने ती हप्त्यांनी भरली आणि मग ३२ म चा, म्हणजे खरेदीचा, दाखला मिळाला. तो दाखला बहुतेक घरांत देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर किंवा पत्र्याच्या ट्रंकेत असतो. त्यावरचा फेरफार क्रमांक घेऊन तलाठ्याकडे जा, तिथून तहसीलच्या अभिलेख कक्षात. अर्ज कर, नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीची वाट बघू नकोस. जुन्या सातबाऱ्यावर इतर हक्कात कुळाचं नाव कधी आलं आणि कब्जेदार म्हणून कधी चढलं, या दोन तारखांमधली वर्षं म्हणजे तुझा प्रकल्प. ‘आमच्या वाडीतल्या कुळांना जमीन नावावर व्हायला किती वर्षं लागली आणि का?’ एवढाच प्रश्न. पाच घरांचे कागद मिळाले तरी पुष्कळ.

आता आबा. त्यांची भीती खोटी नाही, ती उडवून लावू नकोस. पन्नास घरांच्या गावात उद्या पाणी, पालखी, मयत सगळं एकत्रच करायचं असतं. माझ्याकडे एका विद्यार्थ्याने हाच विषय घेतला होता, तोही कुळाच्या घरातला. मी त्याला एकच अट घातली: दोन्ही घरांत जायचं आणि दोन्ही घरांत तेच पाच प्रश्न विचारायचे. खोतांच्या घरातल्या आजींनी पहिल्या दिवशी चहा दिला आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांनी माळ्यावरून लाकडी पायली काढून त्याच्यासमोर ठेवली. मग सांगितलं, की सासऱ्यांच्या काळात धान्य घ्यायचं माप एक आणि द्यायचं माप दुसरं होतं, आणि हे आपल्याला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं होतं. हे त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मग जमिनी गेल्यावर त्यांचे तिन्ही मुलगे मुंबईला कसे गेले, वाड्याची एकेक खोली कशी बंद झाली, तेही सांगितलं. त्या मुलाने दोन्ही लिहिलं, एकासाठी दुसरं कापलं नाही. वेठ ही वेठच होती, ती त्याने कुठे सौम्य केली नाही.

तेव्हा मित्राला बरोबर घे. शक्य असेल तर प्रकल्प दोघांच्या नावावर करा. तू त्याच्या आजीला विचार, त्याने तुझ्या आबांना विचारावं. नावं छापू नका, ‘घर क्रमांक १, घर क्रमांक २’ असं लिहा. आणि लिहून झालं की ज्याने सांगितलं त्याला ते वाचून दाखवा. तो म्हणाला हे वाक्य काढ, तर काढायचं. त्याची गोष्ट आहे, तुझ्या गुणांसाठी ती त्याच्याकडून हिसकावायची नसते.

*

बाई, मी गुहागरची एक पालक. मुलगा आठवीत आहे. दुसरं महायुद्ध हा विषय त्याने घेतलाय, मोबाइलवरून हिटलरची चित्रं काढून दहा पानं भरली आहेत. त्याला युद्धाची खरंच आवड आहे, म्हणून मोडवत नाही. पण हे काही शिकणं नव्हे असं मला वाटतं. घरात सासूबाई आहेत, वय ९२, त्यांना ऐकू कमी येतं पण आठवण चांगली आहे. त्यांचा काही उपयोग होईल का?

ताई, आवड मोडू नका. महायुद्ध राहू दे, फक्त त्याला गुहागरात आणा.

सासूबाई ९२ वर्षांच्या, म्हणजे १९४२ साली नऊ-दहा वर्षांच्या. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि रंगूनचा तांदूळ येणं थांबलं. थिबा राजाचा तोच ब्रह्मदेश. आपल्याकडच्या भाताने वर्षभर पुरत नसे, हे तुमच्या घरालाही माहीत असेल. मग त्या दोन-तीन वर्षांत घरात काय शिजलं? रेशनवर काय मिळायचं? रॉकेल मिळायचं का, की संध्याकाळी लवकर जेवून झोपायचं? कापड कुठून आणलं? मुंबईला कोण होतं आणि ते गावाला परत आलं का? १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, तिथे कोकणातली माणसं हजेरीवर कामाला होती. गावातलं कुणी पलटणीत किंवा नेव्हीत गेलं होतं का? काही गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाला इथून किती माणसं गेली त्याची दगडी पाटीसुद्धा असते, ती आहे का ते मुलाला बघून येऊ दे. ‘युद्धाच्या वर्षांत आमच्या घरात काय शिजलं’ हे शीर्षक त्याच्या सरांना मी पत्राने समजावून सांगायला तयार आहे.

प्रश्न विचारताना ‘तुम्हाला कसं वाटलं’ असं विचारू नये, म्हातारी माणसं त्यावर ‘काय वाटायचं’ एवढंच म्हणतात. वस्तू विचाराव्यात. ताटात काय होतं, पायात काय होतं, दिवा कसला होता. ऐकू कमी येतं तर मुलाने मोठ्या अक्षरात पाटीवर प्रश्न लिहून दाखवावा. त्या बोलतील तसंच, त्यांच्या बोलीत उतरवून घ्यावं, पुस्तकी करू नये. आणि तारखेची गडबड झाली तर मध्येच दुरुस्त करू नये. तारखा मागाहून तपासता येतात.

मी तुम्हाला एवढ्या घाईने का लिहितेय, तेही सांगते. माझे वडील गिरणीत होते. दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर यायची आणि तिच्या कुपनावर पेन्सिलीने दोन ओळी असायच्या. पैसे किती, कुणाला किती द्यायचे, पुढच्या बोटीने कोण येतंय. आई वाचायला शिकली ती ही कुपनं वाचायला. तिने ती सगळी एका बिस्किटांच्या डब्यात जपली होती. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाआधी घर सारवलं, रंगवलं, तेव्हा तो डबा मीच परसात नेऊन रिकामा केला आणि पालापाचोळ्याबरोबर पेटवला. इतिहासाची बी.ए. झाले होते मी तेव्हा. आई दारात उभी होती, काही बोलली नाही. नंतर गिरणगावावर, १९८२ च्या संपावर कितीतरी वाचलं, वर्गात शिकवलं, पण माझ्या वडिलांनी १९५० साली घरी किती रुपये पाठवले ते मला सांगता येत नाही.

दुपारी जेवण झाल्यावर सासूबाई थोडं लवंडून उठत असतील. उठल्या की चहा द्या, मुलाला पाटी घेऊन शेजारी बसवा आणि पहिला प्रश्न तांदळाचाच विचारायला सांगा.